दोरीला हात लावला की वाटा

परवा सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते आणि मी नेहमीसारखी चहाचा कप घेऊन बघत उभी होते. तेवढ्यात होमस्टेला उतरलेले चार पर्यटक आले, पुण्याकडचे असावेत, त्यांना एकदम हुरूप आला आणि चपला काढून लागले दोरी ओढायला. ओढली काय, लोंबकळले म्हणूया. अर्ध्या तासानं जाळं वर आलं, पेडवे भरपूर, थोडे बांगडे, दोन-चार म्हाकुल, आणि वाटे पडायला लागले. तर आमच्याकडच्या एका आजोबांनी पाच-सहा बांगडे उचलले आणि त्या पाहुण्यांसमोर धरले. ते म्हणे अहो नको नको, आम्ही आपली गंमत म्हणून ओढली. आजोबा म्हणाले, "गम्मत ऱ्हवांदे. दोरयेक हात लावलात मा? मगे वाटो घेवकच व्होयो." त्यातल्या एकानं पाकीट काढून विचारलं, किती द्यायचे? आजोबा काही बोलले नाहीत पण त्यांचं तोंड असं झालं की मीच पुढं होऊन बांगडे पिशवीत भरून दिले आणि पाकीट आत ठेवायला सांगितलं.

ज्यांनी रापण बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरून येते, जाळ्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर, आणि मग दोन्हीकडून तीस-चाळीस, कधी त्याहून जास्त माणसं ती ओढत आणतात. जाळ्याचा, होडीचा, रापणकरांचा असे हिशोबाचे वाटे ठरलेले असतात, पण जो कोणी येऊन ओढतो, भले तो शाळेत चाललेला पोरगा असेल, त्याच्याही हातात चार मासे पडतात. ह्याला मजुरी म्हणता येत नाही कारण दर ठरलेला नाही, बक्षीसही म्हणता येत नाही कारण कोणी पहिला-दुसरा नाही. जाळ्यात काही आलं नाही तर त्यालाही नाही आणि मालकालाही नाही.

मला हे सगळं सुचायचं कारण म्हणजे गेली काही वर्षं मी असल्याच एका दोरीला हात लावून बसलेय, फक्त ती फोनमधली आहे.

तर झालं असं की मी मुंबईत सात वर्षं एका ऑफिसात डेटा एंट्री करायचे, २०२० च्या लॉकडाऊनला गावी आले ती आलेच. घरी बसून काय करायचं म्हणून एका मैत्रिणीनं एक ॲप पाठवलं, त्यावर बारीकसारीक कामं असायची. फोटोतल्या प्रत्येक गाडीभोवती चौकोन काढा, बिलाचा फोटो बघून रक्कम टाइप करा, हे वाक्य रागाचं आहे की आनंदाचं ते सांगा. एका चौकोनाला काही पैसे, रुपये नाही, पैसे. आमच्या घरात रेंज नाही, म्हणून वर सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, एका जांभळीखाली पाटावर बसून मी दुपारभर चौकोन काढायचे आणि खालून आई ओरडायची की काळी पडशील गो.

ह्या प्रकाराला क्राउडसोर्सिंग म्हणतात हे मला नंतर कळलं. जेफ हाऊ नावाच्या पत्रकारानं २००६ मध्ये हा शब्द काढला. जे काम कंपनी आपल्या माणसांकडून करून घेते ते उघड्यावर टाकायचं, ज्याला जमेल त्यानं यावं. त्याच्या आदल्या वर्षीच अमेझॉननं असल्या बारक्या कामांचा बाजार सुरू केला होता, त्याचं नाव मेकॅनिकल टर्क, आणि त्या नावाची गोष्ट मला फार आवडते. १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात केम्पेलेन नावाच्या माणसानं बुद्धिबळ खेळणारं यंत्र आणलं, पेटीमागं तुर्की फेटा बांधलेला पुतळा बसलेला, तो भल्याभल्यांना हरवायचा. लोक थक्क. आणि पेटीच्या आत कोण? एक हाडामांसाचा बुद्धिबळपटू, अंग चोरून बसलेला. मी जांभळीखाली बसून चौकोन काढत होते तेव्हा मी नक्की कुठल्या पेटीत बसलेय हे मला माहीत नव्हतं, पण बसलेली होते हे नक्की. आता लोक म्हणतात गाडी आपोआप चालते, एआय आपोआप ओळखतं. आपोआप काय, आमच्या सड्यावरच्या चौकोनांवरनं शिकून!

पहिल्या महिन्यात ३८०० रुपये झाले. वाईट नाही, घरात बसून. मग एकदा त्यांनी दर जवळजवळ दुप्पट केला आणि मी रात्रीपण जाऊन बसायला लागले, बॅटरी घेऊन, विंचवाची भीती होती तरी. पण खरं सांगते, काम जास्त केलं, चांगलं नाही केलं. चौकोन पूर्वी जेवढे वाकडे तेवढेच वाकडे. आणि गंमत म्हणजे दर वाढल्यावर मी खूश व्हायला पाहिजे होते ना, तर उलट आठवडाभरात वाटायला लागलं की हे परत कमीच देतायत. मला वाटलं माझाच स्वभाव हावरट. मग मेसन आणि वॉट्स ह्या दोघांचा २००९ चा अभ्यास वाचनात आला, त्यांनी ह्याच टर्कच्या बाजारात वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळा दर देऊन बघितलं, आणि निघालं काय, तर जास्त पैसे दिले की लोक कामं जास्त करतात पण चुका तेवढ्याच राहतात, आणि ज्याला जो दर मिळाला त्याला आपल्या कामाची किंमत त्याच्यापेक्षा थोडी जास्तच वाटते. कमी मिळालेल्याला पण आणि जास्त मिळालेल्याला पण. म्हणजे मी एकटी नव्हते, बरं वाटलं.

पैशापेक्षा जास्त जे लागलं ते दुसरंच. एकदा दोन दिवसांचं काम नापास झालं, कारण दिलं नाही. विचारायला जागा नाही, माणूस नाही, नाव नाही. बाजारात मासळीवालीनं कमी वजन घातलं तर तिच्या तोंडावर सांगता येतं, ती चार शिव्या घालते, आपण दोन घालतो, शेवटी एक सौंदाळा वर टाकते. इथं कोणाशी भांडणार? मी ते ॲप काढून टाकलं.

त्यानंतर आवाजाची कामं आली, मराठी वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची. ह्यात फुकटवाले पण आहेत आणि पैसेवाले पण. मोझिलाचं कॉमन व्हॉइस आहे, तिथं कोणीही आपला आवाज दान करतो आणि तो डेटा सगळ्या जगाला खुला. सरकारच्या भाषिणी ह्या भाषांतराच्या प्रकल्पाचं भाषादान आहे, त्यात बोलो इंडिया, सुनो इंडिया असले विभाग. आणि दुसऱ्या बाजूला कार्या नावाची संस्था आहे, मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधनातून निघालेली, ती गावातल्या लोकांना असल्या कामाचे तासाला सुमारे ५ डॉलर देते, आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे तो डेटा पुढं परत विकला गेला तर बोलणाऱ्याला त्यातला हिस्सा पण देते. वाचल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, अरे ही तर रापण झाली! दोरीला हात लावलाय तर पुढच्या माशातही वाटा.

माझं मत विचाराल तर, डेटा खुला राहणार असेल, उद्या माझ्या भाच्याला त्यातून मराठी शिकवणारं काहीतरी बनवता येणार असेल, तर मी तासभर फुकट वाचीन, आईला पण बसवीन. पण तोच आवाज घेऊन कोणी विकणार असेल आणि मला वर 'भाषेची सेवा' म्हणून सांगणार असेल तर सेवा-बिवा काही नाही, दर बोला. भाषेच्या प्रेमाचा उपयोग दर पाडायला होतो हे मी बघितलंय, अंगणवाडीच्या बायकांना पण मानधनच मिळतं, पगार नाही, शब्दातच सगळं आलं.

असो. आता माझ्या मुख्य फजितीकडं येते.

दोन वर्षांपूर्वी वरच्या वाडीत एका काकींना रात्री अचानक त्रास झाला, रुग्णवाहिका बोलावली, आणि ती खाडीपलीकडच्या भलत्याच वाडीत जाऊन उभी राहिली, कारण फोनच्या नकाशावर आमच्या अख्ख्या गावाचं मिळून एकच टिंब. काकी वाचल्या, पण मला चैन पडेना. गावात नावं काय कमी आहेत? प्रत्येक व्हाळाला (म्हणजे ओढ्याला), घाटीला, खडकाला, खाचराला नाव आहे, फक्त ती लोकांच्या डोक्यात. म्हटलं आपण गोळा करूया आणि ओपनस्ट्रीटमॅपवर टाकूया, तो २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेला नकाशा आहे, कोणीही भरू शकतो, विकिपीडियासारखा. मी आता क्राउडसोर्सिंगमधली 'अनुभवी' ना, म्हणून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थाटात जाहीर केलं: जागेचं नाव आणि लोकेशन पाठवा, प्रत्येक नव्या नावाला ५ रुपये, शंभर रुपये झाले की रिचार्ज मारून देईन. खिशातले अडीच हजार बाजूला काढून ठेवले होते.

तीन दिवसांत १६० नावं आली. मी हवेत. मग उघडून बघायला बसले. एकच पाणंद चार स्पेलिंगनी. एका पोरानं 'मोठो धोंडो', 'दुसरो मोठो धोंडो' आणि 'मोठ्या धोंड्यामागचो धोंडो' असे पंधरा रुपयांचे धोंडे पाठवलेले. एकानं शेजाऱ्याच्या कलमांना एकेक नाव देऊन बाग संपवली. लोकेशन तर बहुतेकांनी घरात बसून टाकलेलं, म्हणजे नकाशावर निम्मा गाव एका पडवीत. आणि ज्यांना खरंच माहिती होती, म्हणजे सत्तरीच्या पुढची मंडळी, त्यांच्याकडून एक नाव नाही. मी धाकट्या काकांना विचारायला गेले, त्यांना सड्यावरचा इंच न इंच पाठ, तर ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, "पैशे घेवन नावा सांगूची? म्हंजे गावाची नावा इकूची की काय गो?" आणि परत सुपारी.

५ रुपयांत मी दोन्हीकडची माती केली होती. ज्याला पैसे पाहिजेत त्याला ते कमी म्हणून त्यानं धोंडे पाठवले, ज्याला पैसे नको होते त्याचा अपमान झाला. इस्रायलमध्ये नीझी आणि रुस्तिकिनी ह्या दोघांनी २००० मध्ये अगदी हेच छापलंय. शाळेतली मुलं घरोघर देणगी गोळा करायला जातात, त्यातल्या काहींना नुसतं सांगितलं की काम चांगलं आहे, काहींना म्हटलं जमेल त्याच्या १ टक्का तुम्हाला देऊ, काहींना १० टक्के, आणि हे पैसे देणगीतले नाही हं, वेगळे. सगळ्यात जास्त पैसे कोणी आणले? ज्यांना काहीच मिळणार नव्हतं त्यांनी. त्यानंतर १० टक्केवाले. आणि १ टक्केवाले सगळ्यात मागं. एकदा पैशाचं नाव काढलं की मुलं पुण्य मोजायचं सोडून पैसे मोजायला लागतात, आणि मग १ टक्का म्हणजे हातावर तुरीच. आपल्याकडं लग्नाच्या घरी वाढायला आलेल्या शेजारणीला कोणी वीस रुपये हातात ठेवून बघा, परत ती तुमच्या दारात येणार नाही. पण आचाऱ्याला मात्र ठरलेले पैसे वेळेवर द्यायचे असतात, तिथं 'आपलेच आहात' करून चालत नाही. हे आपल्याला लग्नघरात कळतं आणि फोन हातात आला की विसरतं, माझंच झालं ना.

मग मी उलटं केलं. रिचार्ज बंद, ग्रुपवर माफी मागितली (मोठ्या अक्षरात, कारण काका चष्मा लावत नाहीत). आणि नवीन नियम: प्रत्येक नावापुढं ते कोणी सांगितलं आणि त्यांनी ते कोणाकडून ऐकलं ते लिहायचं, आणि देवळाच्या सभामंडपात मोठा तक्ता लागणार. बास, एवढंच.

काय सांगू तुम्हाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काका स्वतः काठी घेऊन दारात. "चल, आधी बापाशीन दाखयलेली न्हंय बघ." न्हंय म्हणजे नदी. त्यांना त्यांचं नाव लागण्याशी काही घेणं नव्हतं, तक्त्यावर त्यांच्या वडिलांचं नाव पाहिजे होतं. शाळेतल्या बाईंनी पोरांना गृहपाठच दिला, आजी-आजोबांना विचारून प्रत्येकी पाच नावं. खालच्या वाडीची ४० झाली असं कळल्यावर वरच्या वाडीत रात्री साडेदहाला बैठक बसली, नावं आठवायला. मुंबईतले चाकरमानी व्हॉइस नोट पाठवायला लागले, विरारच्या लोकलमधून, मागं 'पुढील स्टेशन'चा आवाज आणि हे सांगतायत की व्हाळाच्या वळणावर आम्ही खेकडे धरायचो त्याला अमुक म्हणायचे.

आणि एक गोष्ट मला स्वतःलाच माहीत नव्हती. पुरुषांची नावं वेगळी आणि बायकांची वेगळी. पुरुषांना शेतं, शिकारीच्या जागा, समुद्रातले खडक, होडी कुठून वळवायची त्या खुणा. बायकांना झरे, फाटीच्या, म्हणजे सरपणाच्या वाटा, मे महिन्यात पण पाणी असतं ती कोंड, करवंदांची जाळी, आणि एक तर अशी जागा जिथं सासुरवाशिणी डोक्यावरचा भारा टेकवून रडून घ्यायच्या, तिचं नाव मी इथं लिहीत नाही, तक्त्यावर आहे. पैसे देत होते तेव्हा एकाही बाईनं नाव पाठवलं नव्हतं, फोन नवऱ्याच्या हातात ना, रिचार्ज पण त्याच्याच नंबरवर जाणार! तक्ता लागणार म्हटल्यावर त्या स्वतः आल्या, दुपारी, कामं आटपून.

नावाचं हे सगळीकडंच आहे म्हणा. २००७ मध्ये गॅलक्सी झू म्हणून एक उपक्रम सुरू झाला, दुर्बिणीनं काढलेले दहा लाखांच्या आसपास आकाशगंगांचे फोटो लोकांनी बघायचे आणि गोल की चक्राकार ते सांगायचं, दमडी मिळत नव्हती तरी पहिल्या वर्षात दीड लाख लोक बसले. त्यात हॅनी नावाच्या एका डच शाळाशिक्षिकेला एका फोटोत काहीतरी विचित्र हिरवं-निळं दिसलं, तिनं विचारलं हे काय, शास्त्रज्ञांनाही सांगता येईना, आणि आज त्याचं खगोलशास्त्रातलं नावच 'हॅनीची वस्तू' आहे, डचमध्ये व्होरवेर्प. आणि विकिपीडियाची गोष्ट तर आणखी स्वस्तातली. तिथं एकमेकांना बार्नस्टार म्हणून चांदणीचं चित्र देतात, किंमत शून्य. २०१२ च्या एका प्रयोगात दोघा संशोधकांनी सगळ्यात जास्त लिहिणाऱ्या लोकांतून चिठ्ठ्या काढल्यासारखे १०० जण निवडून त्यांना ही चांदणी दिली, तर पुढच्या तीन महिन्यांत त्यांचं काम न मिळालेल्यांपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त भरलं. चित्रासाठी! पण चित्रासाठी नाही ना, कोणीतरी आपल्यातल्यानंच आपलं काम बघितलं, ह्यासाठी. मला त्या चौकोनांच्या ॲपवर पण एकदा 'सुपर वर्कर'चा बिल्ला आला होता, मी आईला दाखवला तर ती म्हणाली ह्येचा काय करूचा. बरोबरच आहे, तो बिल्ला देणाऱ्याला मी ओळखत नव्हते आणि मला ओळखणाऱ्यांना तो बिल्ला कळत नव्हता.

आता कोणाला वाटेल ही बया पैशाच्या विरोधात आहे. अजिबात नाही. नावं आल्यावर प्रत्येक जागेवर चालत जाऊन जीपीएस घ्यायचं होतं, एप्रिल-मेच्या उन्हात, तापलेल्या कातळावर, तेव्हा मी दोन पोरांना रोजचे ५०० आणि जेवण दिलं. तिथं 'गावासाठी करा रे' म्हटलं असतं तर पहिल्या दिवशी आले असते, दुसऱ्या दिवशी क्रिकेट. ते काम आहे, घाम आहे, त्याची मजुरी होते. काकांचं सांगणं ही मजुरी नाही. मी सुरुवातीला दोन्ही एकाच तराजूत घातलं, तिथं गडबड झाली.

आणि तिसराच एक प्रकार असतो जो मला आमच्या मच्छीमारांकडून कळला. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क जाळ्यात सापडले तर सोडायचे असतात, संरक्षित प्राणी आहेत, पण सोडायला जाळं कापावं लागतं आणि जाळं म्हणजे हजारोंचा माल. डिसेंबर २०१८ पासून राज्याच्या कांदळवन कक्षानं आणि मत्स्य विभागानं योजना आणली, जाळं कापून प्राणी सोडला तर २५ हजारांपर्यंत भरपाई, मात्र फोटो-व्हिडिओ काढून पुरावा द्यायचा. आता बघा, ह्यात सरकार चांगुलपणा विकत घेत नाहीये. कासव आमच्याकडं देव मानतात, सोडायची इच्छा बऱ्याच जणांची आधीपासूनच असते, फक्त ती इच्छा अंगावर पडायची. ते पडणं थांबवलं. आणि त्या फोटोंतून कुठल्या किनाऱ्यावर कधी काय सापडतं ह्याची आयती माहिती जमते, जी बोटी भाड्यानं घेऊन हिंडून कोणाला मिळाली नसती. दोरी ओढणारे मच्छीमार, मासे अभ्यासकांना, असं झालं, पण निदान जाळं तरी भरून मिळतं.

वेळासचं पण काहीसं तसंच, मंडणगड तालुक्यातलं. पूर्वी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी चोरली जायची, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ च्या सुमारास गावातल्याच लोकांना घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, मग पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येऊ लागले, कासव महोत्सव सुरू झाला आणि घराघरात पाहुणे उतरायला लागले. पैसा आला, पण एकेका अंड्याचा दर लावून नाही, गावाला मिळून आला. मी एकदा मार्चमध्ये गेले होते, पिल्लू ओल्या वाळूवरनं पाण्याकडं सरकत होतं आणि शेजारी उभा असलेला गावातला माणूस असा बघत होता जसा काही त्याचाच मुलगा दहावीला चाललाय.

कातळशिल्पांचं तर सगळं माहितीवरच उभं. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे वगैरे मंडळी गावोगाव सड्यावर हिंडली, गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत, की कातळावर कोरलेलं काही बघितलंय का. लोकांनी दाखवली म्हणून सापडली. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पाचशे रुपयांचं बक्षीस लावलं असतं तर रातोरात छिन्नी-हातोडा घेऊन नवी शिल्पं तयार झाली असती ह्याची मला खात्री आहे, माझ्याकडं धोंडे आले तसे.

एका बाबतीत मात्र मला पैशाची युक्ती खरंच भारी वाटली. ५ डिसेंबर २००९ ला अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा ह्या संशोधन संस्थेनं देशभर दहा लाल फुगे बांधून ठेवले, ते सगळे कुठं आहेत हे जो पहिला सांगेल त्याला ४० हजार डॉलर. एमआयटीची टीम नऊ तासांच्या आत जिंकली. त्यांनी सांगितलेलं, फुगा शोधणाऱ्याला २००० डॉलर, त्याला ज्यानं बोलावलं त्याला १०००, त्याला ज्यानं बोलावलं त्याला ५००, असं वर वर. म्हणजे ज्याला फुगा दिसणं शक्य नाही त्यालाही दुसऱ्याला सांगण्यात फायदा. हुशार! पण आपल्याकडं हे ऐकलं की पहिलं काय आठवतं? साखळी योजना. आमच्या गावात एकेकाळी अर्धी माणसं साबण आणि गोळ्या विकत होती आणि उरलेली अर्धी त्यांना टाळत होती. मी ग्रुपवर असलं काही टाकलं असतं तर सगळ्यांनी ग्रुपच सोडला असता.

आणि मान म्हणजे फुकटचं आहे असंही कोणी समजू नये. कोकणात राहून हे सांगायला लागू नये खरं तर, शिमग्यात पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ कोणाच्या हातात, ह्यावरनं सख्खे भाऊ कोर्टात गेलेले आपण बघतो. पैशाचा वाद वाटून मिटतो, मानाचा वाटता येत नाही. तक्त्याचंही तेच झालं. एका झऱ्यापुढं मी एका घराण्याचं नाव लिहिलं, तर दुसरे म्हणाले झरा आमच्या आजीनं खणला. एक गृहस्थ तर नुसतं आपलं नाव चार ठिकाणी लागावं म्हणून दुसऱ्यांनी सांगितलेली नावं परत आपल्या नावानं पाठवायला लागले, आणि ते वयानं एवढे मोठे की मी काय बोलणार, शेवटी शाळेतल्या बाईंनी गोड बोलून निस्तरलं. ५ रुपयांच्या वेळी जी लबाडी पोरांनी केली तीच इथं मोठ्यांनी केली, चलन तेवढं बदललं.

तर सध्याची स्थिती अशी. २१४ नावं पक्की झालीत, त्यातली १३० नकाशावर चढवलीत, बाकीची पावसाळ्याआधी करायची होती पण आंब्याचा सीझन आला आणि कोणाला वेळ नाही, पेटी भरायची की व्हाळ मोजायचा. वाड्या सगळ्या दिसायला लागल्यात, मागच्या महिन्यात गॅसवाला पहिल्यांदाच न विचारता वर आला आणि काकींनी त्याला चहा पाजला. जीपीएसवाल्या दोघांपैकी एक गोव्याला कामाला गेला, त्यामुळं दुसरा पोरगा शोधतेय, ५०० मध्ये आता कोणी येत नाही, ६०० म्हणतात, देणार.

अडकलंय ते एका खडकावर. भरतीला पाण्याखाली जातो आणि ओहोटीला पाठ दिसते, होडीवाल्यांसाठी महत्त्वाचा. त्याला खालच्या वाडीत एक नाव आणि वरच्या वाडीत वेगळं, आणि दोघांचं म्हणणं की दुसऱ्यांचं नाव नंतरचं. मी दोन्ही लिहिली, तर आता भांडण पहिलं कुठलं लिहायचं ह्यावर. काकांनी परवा फोन करून बजावलंय, "माझ्या बापाशीचा नाव दुसऱ्या नंबरार घातलंस तर तक्तो फाडून टाकीन." रविवारी देवळात बैठक आहे, चहा माझ्याकडून.